मागावर बसलेली आई

फोटोवालीच्या आईने उभ्या जन्मात माग चालवला नव्हता. माग पाहिला तोच मुळी साठी उलटल्यावर, तोही एका नाटक कंपनीच्या गोदामात, आणि दाखवला कुणी, तर पोटच्या लेकीने. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढचं ऐकल्यावर कुणीही म्हणेल की बाई विणकराच्या घरातच जन्मली असणार. आणि तसं म्हणणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा, आता ती स्वतःच तसं म्हणते.

बाई होती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कॉलेज सुटलं तशी चिकटली, ती नवी यंत्रं येऊन सगळ्यांना घरी बसवेपर्यंत तिथेच. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, आणि दोन्ही हातांनी वायरी इथून उपट, तिथे खोच. आवाज गोड आणि इतका ठाम की मोठमोठे साहेब चढ्या सुरात सुरुवात करायचे आणि थँक यू म्हणून फोन खाली ठेवायचे. तो आवाज ती घरीही घेऊन यायची. लेक शाळेतून आल्या आल्या दारातूनच हाका मारायला लागली की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "आपण ज्यांना बोलावता आहात त्या कामात आहेत, हातपाय धुऊन पुन्हा प्रयत्न करा." नवरा लवकर गेला तरी घर रडकं झालं नाही ते या बाईमुळे. पगार तिचा, मस्करी तिची, आणि टाचेच्या चपलांचा तो टकटक आवाजही तिचाच. जिन्यात तो आवाज आला की शेजारीपाजारी घड्याळं लावायचे.

लेक मोठी होऊन फोटो काढायला लागली. पण लग्नाबिग्नाचे नव्हेत. भिंतीवर टांगायचे, लोकांनी आधी लांबून बघायचे, मग जवळून बघायचे, मग मान तिरकी करून बघायचे, तसले. गल्लीत तिला सगळे फोटोवाली म्हणायचे. लग्नाचे काढता का, असं विचारायचे, आणि ती नाही म्हणाली की बिचारीला काम मिळत नाही असं समजून विषय बदलायचे.

खरी मेख होती ती तिच्या सरांची. शिकत असताना सर एकेकाचे फोटो समोर मांडून विचारायचे, हे सगळं ठीक आहे, पण यात तू कुठे आहेस, तुझ्या मागे कोण उभं आहे? वर्गातल्या प्रत्येकाच्या मागे कुणी ना कुणी दणकट उभं होतं. एकाचा आजा मासेमार, एकीच्या घरी पिढ्यानपिढ्या मडकी घडत आलेली, एकाचं सगळं कूळ मेंढ्यांमागे फिरणारं. आणि हिच्या मागे काय, तर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, विमा कंपनीत कारकुनी करून गेलेले वडील आणि टेलिफोनवाली आई. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिला आईची लाज वाटली. पण लाज वाटली असं कोण कबूल करतं? तिने तिला 'शोध' असं नाव दिलं, आणि शोध म्हटलं की सगळं खपतं.

शोधून शोधून हाती लागली एक पणजी. म्हणजे पणजी की पणजीची जाऊ, तेही कुणाला धड ठाऊक नव्हतं. ती म्हणे मागावर बसायची. बास. एवढ्याशा भांडवलावर फोटोवालीने अख्खं दुकान मांडलं. पुढे नाव व्हायला लागलं, परदेशातून बोलावणी यायला लागली, तिथेही लोक तेच विचारायचे की तुमची परंपरा काय, तुमच्या घरातल्या बायका काय करायच्या. एक्स्चेंजमध्ये होत्या असं सांगितलं की समोरच्याची मान नुसती हलायची. विणायच्या असं सांगितलं की समोरचा खुर्ची पुढे ओढून घ्यायचा.

तेव्हा तिने ती मालिका करायची ठरवली. नाव ठेवलं 'मूळ'. शहराच्या कडेला एक पडकं घर भाड्याने घेतलं, नाटक कंपनीकडून माग आणला, जाडंभरडं कापड मिळवून त्याचे दोन झगे शिवून घेतले आणि ते चहात बुडवून जुने केले. एक आईला, एक स्वतःला. डोक्याला फडकी. आई मागावर बसणार, लेक तिच्या पायाशी बसून सूत गुंडाळणार, आणि मुठीत लपवलेलं बटण दाबून आपलाच फोटो काढणार. लेकीचं काम म्हटल्यावर आईने कंबर कसली. पण तिला हसू आवरेना. हा दांडा ओढायचा की ढकलायचा, एवढं तरी सांग गं, म्हणायची. या मागाला रिंग कुठून येते, म्हणायची. लेक वैतागायची, हसू नकोस आई, चेहरा मोडतोय. शेवटी दमून, पाठ अवघडून आई हसायची थांबली, आणि जो थकलेला, गप्प, खाली पाहणारा चेहरा राहिला तोच लेकीला हवा होता.

आता मागावर काही तरी कापड तर हवं. इथेच तिला ती कल्पना सुचली, जिचं पुढे सगळीकडे इतकं कौतुक झालं. सूत फक्त उभं. आडवं भरायचं ते घरातल्या जुन्या फोटोंच्या पट्ट्यांनी. सगळा अल्बम कापायचा, बारीक पट्ट्या करायच्या आणि त्याच विणायच्या. नक्कल वापरली की काम मेलं, असं सर म्हणायचे, म्हणून पट्ट्या अस्सल फोटोंच्याच हव्यात.

कापायलाही आईच बसली. जेवणाच्या टेबलावर अल्बम, हातात शिवणकामाची कात्री, आणि तोंडाचा पट्टा चालू. तुझ्या बापाला कापतेय बघ, तो होता तेव्हा जमलं नाही, असं म्हणून स्वतःच हसली. पहिला वाढदिवस कापला, शाळेचं संमेलन कापलं, लग्न कापलं. मग तो मोठा फोटो आला, एक्स्चेंजमधल्या सगळ्या बायकांचा, शेवटच्या दिवशी बोर्डासमोर काढलेला. तिथे कात्री थांबली.

"हा राहू दे का गं?" आई म्हणाली. "हा काही माझ्या एकटीचा नाहीये."

फोटोवाली तेव्हा कागद पाहत होती. जाड कागद, काळे-पांढरे रंग अजून ठसठशीत. एकटीचा नाही म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "आई, हाच तर हवाय. बाकीचे विणीत दुमडतात, हा ताठ बसेल."

आईने तिच्याकडे एकदा पाहिलं, बरं म्हणाली, आणि कापला. त्यावर मात्र काही विनोद केला नाही. कापण्याआधी त्या फोटोचा एक फोटो काढून ठेवायला असा कितीसा वेळ लागला असता? घरात कॅमेऱ्यांची रांग लागलेली. पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि ज्या डोक्यात यायला हवं होतं ते भलतीकडेच होतं.

'मूळ' गाजलं. जाडजूड पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर मागावरची आई. लोकांनी लिहिलं की विणकर आई आणि तिची लेक यांचं नातं किती खोल आहे. फोटोवालीने कधी कुठे लिहिलं नव्हतं की आई विणकर आहे. पण नाही असंही कधी म्हटलं नाही. कुणी समोर बोललंच तर ती हळूच हसायची आणि लोक त्याला नम्रता म्हणायचे. आईने पुस्तक पाहिलं, एवढंच म्हणाली की छान आलेत, पण ही बाई जरा दुःखी दिसते, तिला कुणीतरी चहा द्या.

पुढे आई विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, ते तर आपलंही होतं. मग एकदा ती भाजी आणायला गेली आणि बसस्टॉपवर बसून राहिली, कुठे जायचं ते आठवेना म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून फोटोवाली हादरली, पण नेमकं तेव्हाच तिला परदेशात एका मोठ्या ठिकाणी राहून काम करायचं आमंत्रण होतं. तिने दिवसभरासाठी एक सिस्टर ठेवली, रात्रीची सोय केली, आणि गेली. रोज फोन करायची, तेवढं मात्र चुकवलं नाही.

सिस्टर मोठी मायेची बाई. तिनेच एकदा फोनवर विचारलं, ताई, घरात जुने फोटो आहेत का, रोज घेऊन बसलं की त्यांना आठवणी धरून ठेवता येतात. फोटोवाली तेव्हा कुठल्याशा जेवणाला निघाली होती, एक पाय बुटात. अल्बम आता नाहीये, ती म्हणाली, पण कपाटात वरच्या फळीवर माझं पुस्तक आहे, त्यात आईच आई आहे, ते दाखवा.

म्हणजे हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही.

सिस्टरला काय ठाऊक? तिने पुस्तक काढलं आणि रोज चहानंतर आईपुढे उघडलं. ही कोण? ही मी. आणि ही? ही माझी मुलगी. आणि आजी, इथे तुम्ही काय करताय? पहिल्यांदा आई गोंधळली असेल, कदाचित हसलीही असेल. पण रोज तेच पान, तोच माग, तोच झगा, आणि खाली पाहणारा तो आपलाच चेहरा. हळूहळू आईने त्या चेहऱ्याला जागा करून दिली.

फोटोवाली परत आली तेव्हा आई खिडकीशी बसून मांडीवरच्या चादरीचे धागे निवडत होती. लेकीला ओळखलं, जवळ घेतलं, आणि म्हणाली की बोटं बघ गं माझी, सुताने चिरली आहेत. फोटोवाली हसली. तिला वाटलं, आईची जुनी खोड, मस्करी चाललीये. मग आई सांगू लागली. लहानपणी आईने मला मागावर बसवलं, पाय पोचायचे नाहीत म्हणून पायाखाली वीट ठेवायची, घरात उजेड कमी असायचा. इतकं बारीक, इतकं खरं की फोटोवालीच्या अंगावर काटा आला. कारण वीट तिनेच ठेवली होती, फोटोत आईचा पाय वर दिसावा म्हणून, आणि खिडकीला काळं कापड लावून उजेडही तिनेच कमी केला होता.

आणि एक सांगायलाच हवं, कितीही ओशाळवाणं असलं तरी. आई हे बोलत असताना फोटोवालीचा हात आपोआप पिशवीतल्या कॅमेऱ्याकडे गेला. झाकण निघालंसुद्धा. केवढा फोटो होईल हा, असं तिच्या मनात आलं. मग तिचं तिलाच इतकं किळसवाणं वाटलं की तिने कॅमेरा पिशवीत कोंबला, मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

बरं, आई त्या खोट्या आयुष्यात सुखात असती तरी एक वेळ चाललं असतं. पण फोटोतला माग अर्धाच भरलेला होता. आईचा जीव त्या अर्ध्या कापडात अडकला. कापड राहिलंय, मालक येईल, ओरडेल, असं म्हणत ती उठायची, घरभर माग शोधायची. जी बाई साहेबांना थँक यू म्हणायला लावायची ती आता एका कधीच नसलेल्या मालकाला घाबरून दारामागे उभी राहायची.

फोटोवालीने तिला समजावून पाहिलं. आई, तू ऑपरेटर होतीस, हेडफोन लावायचीस, शहरातले सगळे तुझा आवाज ओळखायचे. आई शेजारणीची हकीकत ऐकावी तशी ऐकायची आणि म्हणायची, हो का? बरी नोकरी होती मग तिची. सिस्टरने बाजूला घेऊन सांगितलं की ताई, आता खोडून काढू नका, त्यांना फार त्रास होतो, जे म्हणतील त्याला हो म्हणा. फोटोवालीला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. दुसऱ्या कुणाची आई असती तर ती हो म्हणाली असती. पण इथे हो म्हणायचं म्हणजे आपण कागदाची केलेली बाई ठेवून घ्यायची आणि हाडामांसाची घालवायची. जन्मदात्या आईला आपण पुसून टाकलं, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो जाईना. आईला तिचं खरं आयुष्य परत मिळवून द्यायचं, निदान एकदा तरी, एवढंच तिला हवं होतं.

त्यासाठी एखादा फोटो हवा. सगळं घर तिने उलथंपालथं केलं. ट्रंका, माळा, वडिलांच्या जुन्या कोटाचे खिसे. एक्स्चेंजचा म्हणून एक कपटा मिळाला नाही. मिळणार कुठून? तेव्हा तिला घंटीमावशी आठवली.

घंटीमावशी म्हणजे आईच्या शेजारच्या खुर्चीवरची ऑपरेटर. हसायला लागली की थांबायची नाही म्हणून तिचं नाव घंटी. फोटोवाली लहान असताना तिच्याच मांडीवर बसून बोर्डातले दिवे मोजायची. आता मावशी थकली होती, सुनेच्या घरी मागच्या खोलीत राहत होती, पण जिभेची धार तशीच. दार उघडल्या उघडल्या म्हणाली की मोठी झालीस म्हणून ऐकलं, इतकी मोठी झालीस की जिना चढायला इतकी वर्षं लागली. फोटोवालीने मान खाली घातली आणि आईचं सांगितलं. मावशीने नाक पुसलं.

फोटोवाली म्हणाली की तुमच्याकडे तेव्हाचा एखादा फोटो असेल का, आईला दाखवायला. मावशी म्हणाली, अगं वेडे, फोटो तर तुमच्याकडेच आहे. शेवटच्या दिवशी काढला होता, ऑफिसने एकच प्रत केली, भिंतीवर लावायला. इमारत रिकामी करताना तो भंगारात चालला होता. तुझी आई गेली, साहेबाशी भांडली आणि काखेत मारून घेऊन आली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की तो तिच्याकडेच राहू दे.

"तुझ्यामुळे गं," मावशी म्हणाली. "हिची लेक फोटो काढणारी आहे, ही जपून ठेवील, असं आम्ही म्हटलं."

आता सांगा, यावर माणसाने काय बोलावं? फोटोवालीच्या तोंडून खरं निघायला हवं होतं, ते निघालं नाही. ती म्हणाली, असेल मग घरातच कुठेतरी, बघते. आणि मावशी म्हणाली, बघ, सापडला की मीच येते, मलाही बघायचाय, आमच्यातल्या आता दोघीतिघीच राहिल्या. येते परवाच.

परवा दुपारी मावशी आली, सून तिला रिक्षातून सोडून गेली. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, हातात आईला आवडायची तसली बिस्किटं. तोपर्यंत फोटोवालीने मनात दहा वेळा कबुली जुळवली होती आणि दहा वेळा मोडली होती. आई कोचावर बसली होती. मावशीला पाहून ती उठली, या, बसा म्हणाली, पाहुण्यांशी बोलावं तसं. मावशीचा चेहरा पडला, पण ती बसली आणि आईचा हात हातात घेऊन आपलं नाव सांगितलं. आईने ते नीट ऐकून घेतलं आणि छान आहे म्हणाली. मग तिला एकदम आठवण झाली, ती पुस्तक घेऊन आली आणि दोघींच्या मांड्यांवर उघडलं. आलेल्या प्रत्येकाला ती आता ते दाखवत असे.

पानं उलटत गेली. हा आमचा माग, ही मी, ही माझी मुलगी. मावशी ऐकत होती आणि मधूनमधून फोटोवालीकडे पाहत होती, फोटो कुठाय असं डोळ्यांनीच विचारत. मग ते पान आलं ज्यावर नुसतं कापड आहे, जवळून काढलेलं, पानभर. बघणारे त्या पानावर नेहमी थांबतात. मावशी पण थांबली. तिने चष्मा वर केला, पुस्तक डोळ्यांपाशी नेलं. उभ्या सुतातून आडव्या पट्ट्या, आणि पट्टीपट्टीत कुणाच्या हाताची बोटं, कुणाचं अर्धं नाक, हेडफोनची कड, टाचेची चप्पल. तिचं बोट एका पट्टीवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"हा माझा डोळा आहे," मावशी म्हणाली. मग मान वर करून, "कापलास?"

फोटोवाली हो म्हणाली. मावशीने ओरडायला हवं होतं, फोटोवालीला तेच हवं होतं, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण मावशी त्या पानावरून बोट फिरवत राहिली, ही आमची सुपरवायझर, ही ती बुटकी, ही मेली आता, ही तू, ही तू बघ, असं आईला दाखवत. आणि मग आईचा हात घट्ट धरून सांगू लागली की अगं, तू कुठली विणकरीण, तू माझ्या शेजारी बसायचीस, आपण रात्रपाळीला गाणी म्हणायचो, लाइनवरचे लोक फोन न ठेवता ऐकत बसायचे. तुला घर आठवत नसेल, नवरा आठवत नसेल, पण ते कसं विसरशील तू?

आई घाबरली. तिने हात सोडवून घेतला, पुस्तक छातीशी धरलं. तिची नजर मावशीवरून लेकीवर आली. लहान मूल पडल्यावर आधी आईच्या तोंडाकडे बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं, तशी ती बघत होती.

"तू सांग गं," ती म्हणाली. "या म्हणतात ते खरं की हे?"

दारात सिस्टर उभी होती, तिने डोळ्यांनी नको म्हटलं. कोचावर मावशी, तिला आपला डोळा परत मिळणार नव्हता, निदान आपली मैत्रीण हवी होती. आणि समोर आई. मालक येतो म्हणून थरथरणारी आई, आणि तिच्याआड कुठेतरी, असलीच तर, टकटक करत जिना चढणारी आई. फोटोवाली आईसमोर खाली बसली. पुढे तिने जे केलं ते आईच्या भल्यासाठी केलं असं ती स्वतःला सांगत आली आहे. पण खरं ते वेगळं आहे. इतके महिने छातीवर धोंडा घेऊन वावरल्यावर तिला तो एकदाचा उतरवायचा होता.

"आई, हे खोटं आहे," ती म्हणाली. "हे मी रचलं. माग भाड्याचा होता, कपडे मी शिवून घेतले. तू कधी विणलं नाहीस. मला तुझी नोकरी साधी वाटली, म्हणून मी तुला दुसरीच कुणीतरी केलं. माझं चुकलं."

ती रडत होती. आईने सगळं ऐकलं. चेहऱ्यावरची भीती हळूहळू गेली आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. परक्या माणसाने घरात येऊन भलतंसलतं बोलावं आणि आपण वयाने मोठं म्हणून सांभाळून घ्यावं, तसं काहीसं. ती ताठ बसली. आणि कित्येक दिवसांत ऐकू आला नव्हता असा तिचा तो ठाम, गोड आवाज निघाला.

"तुम्ही कोण?"

फोटोवाली म्हणाली, मी तुझी मुलगी. आईने नाही म्हणून मान हलवली. पुस्तक उघडलं, शांतपणे पानं उलटली, आणि पायाशी बसून सूत गुंडाळणाऱ्या, डोक्याला फडकं बांधलेल्या मुलीवर बोट ठेवलं.

"माझी मुलगी ही. तिने काढलेत हे सगळे. ती माझ्याबद्दल खोटं कशाला दाखवील?"

मावशीने तोंडावर हात घेतला. फोटोवालीला काहीतरी बोलायचं होतं, पण आई पुढे वाकली आणि आवाज खाली आणून, समजुतीने, मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसं सांगू लागली.

"बसा तुम्ही, चहा घ्या. ती येईलच एवढ्यात. पण ती आल्यावर तिच्यासमोर असं काही बोलू नका हं. फार मेहनत घेतलीये तिने. तिला वाईट वाटेल."

"बरं," फोटोवाली म्हणाली, आणि मावशीशेजारच्या खुर्चीवर बसली.